उंच फॉरवर्डवर वरचा पिक खर्च करावा का?

प्रश्न असा आला आहे: "मेलबर्नला आल्यावर मुलामुळे आम्हालाही फूटीचं, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं, वेड लागलं. आमच्या क्लबचा यंदाचा मोसम पार झोपला, त्यामुळे ड्राफ्टमध्ये पहिल्या पाचातला पिक मिळणार असं दिसतंय. १९९ सेंटिमीटर उंचीच्या एका अठरा वर्षांच्या फॉरवर्डचं नाव चर्चेत आहे. अर्धे समर्थक म्हणतात डोळे मिटून घ्या. बाकीचे म्हणतात उंच पोरगा म्हणजे जुगार, सरळ मिडफिल्डर घ्या. कोणाचं खरं? आणि तुम्ही स्काउट मंडळी मैदानावर बसून नेमकं बघता तरी काय?"

थेट उत्तर आधी देतो. जुगार आहे खरा, पण तो मुलात कमी आणि त्याला घेणाऱ्या क्लबात जास्त असतो. ड्राफ्ट म्हणजे क्लबांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडणं, आणि त्यातली एकेक निवड म्हणजे पिक. त्याचा क्रम गुणतक्त्याच्या उलटा लागतो. तळाला राहिलेला क्लब आधी निवडतो. म्हणजे ज्या खेळाडूला चांगल्या संघाची सगळ्यात जास्त गरज, तोच नेमका सगळ्यात वाईट संघाच्या पदरात पडतो. मिडफिल्डरचं तसं नसतं. संघ कितीही मार खात असला तरी मध्यावर चेंडू उडाला की तो तिथे हजर असतो, त्याला चेंडू मिळतो, तो शिकतो. उंच फॉरवर्ड दुसऱ्याने मारलेल्या किकची वाट बघत गोलसमोर उभा असतो. ती किक आलीच नाही, किंवा जीव मुठीत धरून कोणीतरी आकाशात भिरकावलेली आली, तर त्याची उंची, हात, उडी सगळं वाया.

खेळ नवा असलेल्यांसाठी दोन ओळी. मैदान अंडाकृती, एका संघाचे अठरा जण मैदानावर, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून किक गेली की गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेली की बिहाइंड, एक गुण. सोबत्याने किंवा प्रतिस्पर्ध्याने मारलेली, किमान १५ मीटर गेलेली किक कोणाचाही हात न लागता हवेत झेलली की तो मार्क. मग कोणी अंगावर न येता निवांत गोलवर किक मारता येते. गोलच्या आसपास गर्दीतून वर उठून चेंडू झेलणारा माणूस संघाला का हवा असतो, ते यातून कळेल.

मी व्हिक्टोरियातल्या अठरा वर्षांखालच्या मुलांचे सामने बघून अहवाल लिहिण्याचं काम बरीच वर्षं करतोय. पूर्णवेळ नोकरी वेगळी, हे शनिवार-रविवारचं. या कामात एक ड्राफ्ट मी नव्या लोकांना नेहमी समजावून सांगतो, तो २००६ चा. हा सगळा विषय त्या एका यादीत सापडतो.

पहिला पिक कार्लटनचा, मिडफिल्डर ब्राइस गिब्ज. दुसरा इसेंडनने स्कॉट गंबलटन या उंच फॉरवर्डवर लावला. तिसरा नॉर्थ मेलबर्नने लाकलन हॅन्सनवर, तोही उंचच. गुडघ्याच्या शंकेमुळे खाली घसरलेला जोएल सेलवूड सातव्या पिकवर जीलाँगला मिळाला. तेराव्यावर रिचमंडने जॅक रीवोल्ट घेतला, ३२ व्यावर ॲडिलेडने कर्ट टिपेट आणि ४१ व्यावर जीलाँगने टॉम हॉकिन्स. आता पुढे काय झालं ते बघा. गंबलटनचं शरीर साथ देईना; त्याचे पन्नास सामनेही झाले नाहीत. रीवोल्टने ७८७ गोल मारले आणि मोसमात सर्वाधिक गोल मारणाऱ्याला मिळणारं कोलमन पदक तीनदा नेलं. हॉकिन्स ३५९ सामने खेळला, ७९६ गोल मारले.

हॉकिन्सचा ४१ वा क्रमांक मात्र फसवा आहे. त्याचे वडील जॅक जीलाँगकडून खेळलेले, त्यामुळे पिता-पुत्र नियमाखाली क्लबला तो तिसऱ्या फेरीच्या भावात मिळाला. खुल्या ड्राफ्टमध्ये तो अगदी वर गेला असता हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. (पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, अशा मुलांसाठी बोलीची पद्धत आली: दुसऱ्या क्लबने बोली लावली की वडिलांच्या क्लबला ती जुळवावी लागते. ती का आली, हे वेगळं सांगायला नको.) पण मुद्दा भावाचा नाही. हॉकिन्स ज्या संघात आला तो संघ २००७ मध्ये विजेता ठरला. तिथे त्याच्यावाचून कोणाचं अडत नव्हतं. २०११ च्या मोसमातही तो संघात आत-बाहेर होता, मधेच राखीव संघाकडून खेळत होता. त्या वर्षीच्या ग्रँड फायनलमध्ये जेम्स पॉडसियाड्लीचा खांदा निखळला आणि हॉकिन्सने कॉलिंगवूडविरुद्ध तीन गोल मारले. पुढच्या वर्षी ६२ गोल. कोलमन पदक मिळालं ते २०२० मध्ये, बत्तिसाव्या वर्षी. तळाच्या क्लबात असता तर पाचव्या वर्षाच्या आत समर्थकांनी त्याला 'वाया गेलेला पिक' ठरवून टाकलं असतं.

उलट बाजू जॅक वॉट्सची. २००८ चा पहिला पिक, मेलबर्न क्लबचा. मेलबर्न २००८ मध्ये शेवटचं आलं होतं, २००९ मध्येही शेवटचंच आलं. पोरगा शाळेत होता आणि जून २००९ मध्ये राणीच्या वाढदिवसाच्या सुटीच्या सामन्यात, एमसीजीवर मोठ्या गर्दीसमोर, कॉलिंगवूडविरुद्ध त्याला उतरवलं. चेंडू हातात येताच कॉलिंगवूडचे खेळाडू त्याच्यावर तुटून पडले, आणि ते दृश्य त्याच्या कारकिर्दीला कायमचं चिकटलं. वॉट्स वाईट खेळाडू नव्हता, मेलबर्नकडून दीडशेवर सामने खेळला. पण त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निक नाइटानुई गेला, आणि वॉट्सचं नाव निघालं की ती तुलना सोबत आलीच.

२००८ ते २०२२ या पंधरा ड्राफ्टमध्ये पहिला पिक सहा वेळा उंच फॉरवर्डवर गेला: वॉट्स, मग जॉनथन पॅटन (२०११), टॉम बॉइड (२०१३), पॅडी मकार्टिन (२०१४), जमारा यूगल-हेगन (२०२०), ॲरन कॅडमन (२०२२). यातले शेवटचे दोघे अजून तरुण आहेत, त्यांचा हिशेब आत्ता मांडण्यात अर्थ नाही. पहिल्या चौघांपैकी ज्याने निवडलं त्याच क्लबात दहा वर्षं मुख्य फॉरवर्ड म्हणून उभा राहिला, असा एकही नाही.

पण कारणं एकसारखी नाहीत आणि तीच बघायला हवीत. पॅटनचे गुडघे. मकार्टिनला डोक्याला लागलेले मार. सेंट किल्डाने त्याला घेतलं आणि पुढचाच पिक क्रिश्चियन पेट्राका होता, म्हणून आजही लोक त्या क्लबला हसतात. मला ते पटत नाही. डोक्याला किती मार बसणार हे कोणत्या स्काउटच्या वहीत लिहिलेलं असतं? पुढे तोच मकार्टिन सिडनीकडून बचावात खेळला आणि २०२२ च्या ग्रँड फायनलपर्यंत पोचला. खेळ त्याच्यात होताच.

बॉइडची गोष्ट वेगळी. पश्चिम सिडनीच्या जायंट्स क्लबने त्याला पहिला निवडला. एक मोसम, नऊ सामने, आणि तो मेलबर्नला परत निघाला. वेस्टर्न बुलडॉग्जने त्याच्या बदल्यात आपला कर्णधार रायन ग्रिफेन आणि सहावा पिक दिला, वर मोठा करार. दोन वर्षं त्याच्या पगारावरून टोमणे चालू होते. २०१६ च्या ग्रँड फायनलमध्ये त्याने तीन गोल मारले, त्यातला शेवटचा खूप लांबून, टप्पे खात गेलेला, आणि १९५४ नंतर बुलडॉग्जला पहिलं विजेतेपद मिळालं. २०१९ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्याने खेळ सोडला आणि मानसिक आरोग्याविषयी मोकळेपणाने बोलला. हा पिक यशस्वी की अयशस्वी? बुलडॉग्जच्या म्हाताऱ्या समर्थकाला विचारून बघा. आणि हेही लक्षात घ्या की त्याच २०१३ च्या ड्राफ्टमध्ये बुलडॉग्जने चौथ्या क्रमांकावर मार्कस बोंटेम्पेली घेतला होता. आधी मिडफिल्डर घेतला, उंच फॉरवर्ड नंतर बाहेरून आणला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

कारण विजेत्या संघांकडे बघा. रिचमंडच्या २०१९ आणि २०२० च्या विजयात टॉम लिंच होता, तो गोल्ड कोस्टने २०१० मध्ये अकराव्या पिकवर घेऊन आठ वर्षं वाढवलेला. जीलाँगच्या २०२२ च्या संघात जेरेमी कॅमरन, तो जायंट्सने घडवलेला. ब्रिस्बेनच्या २०२४ च्या संघात जो डॅनिहर, मूळ इसेंडनचा. वेस्ट कोस्टच्या २०१८ च्या संघात जॉश केनेडी, २००५ चा चौथा पिक, कार्लटनचा; ख्रिस जडच्या सौद्यात तिकडे गेला आणि पुढे दोन कोलमन पदकं घेतली. हॉथॉर्नच्या २०१३ ते २०१५ च्या तीन सलग विजेतेपदांत जॅक गन्स्टन, ज्याला ॲडिलेडने २९ व्या पिकवर घेतलं होतं. पोसला एकाने आणि फळ खाल्लं दुसऱ्याने, ही इथली रीतच आहे. स्वस्त पडतं असं नाही. कॅमरनसाठी जीलाँगने पहिल्या फेरीचे तीन पिक मोजले. पण मोजले तेव्हा माल समोर होता, वय सत्तावीस होतं, गुडघे कसे आहेत ते दिसत होतं. ड्राफ्टमध्ये सगळं पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल.

अर्थात बाहेरून आणला की झेंडा फडकलाच असंही नाही. लान्स फ्रँकलिन २०१३ नंतर नऊ वर्षांच्या, सुमारे एक कोटी डॉलरच्या करारावर सिडनीला गेला. स्टेडियम भरली, हजारावा गोल झाला तेव्हा सगळं मैदान प्रेक्षकांनी भरून गेलं, पण सिडनी त्याच्या काळात तीन ग्रँड फायनल हरली.

फ्रँकलिनचं नाव आलंच आहे तर २००४ चा ड्राफ्ट बघू, कारण माझ्या म्हणण्यातलं सगळ्यात मोठं छिद्र तिथे आहे. हॉथॉर्न तेव्हा तळाशीच होतं. त्यांनी दुसऱ्या पिकवर जॅरिड रफहेड आणि पाचव्यावर फ्रँकलिन, असे दोन उंच फॉरवर्ड एकदम घेतले. चार वर्षांनी, २००८ मध्ये, फ्रँकलिनने ११३ गोल मारले, रफहेडने ७५, आणि क्लब विजेता. तेव्हापासून आजतागायत एका मोसमात शंभर गोल कोणी मारलेले नाहीत. मग तळाच्या क्लबने घेऊ नये हे खोटं ठरलं का? यादी पुढे वाचा: सातव्या पिकवर त्यांनी जॉर्डन ल्युइस हा मिडफिल्डर घेतला. ल्यूक हॉज आणि सॅम मिचेल २००१ पासून क्लबात होते. म्हणजे चेंडू पोचवणारे पाय आधी घरात होते, उंच पोरं नंतर आली. शिवाय दोघं होते. हे फार कमी लोक बोलतात: एकट्या उंच पोरावर समोरच्या संघाचा सगळ्यात दांडगा बचावपटू बसतो आणि बाजूने दुसरा येऊन चेंडूवर मूठ मारतो. दोघे असले की त्या दुसऱ्याला आपला माणूस सोडून येता येत नाही. कार्लटननेही २०१५ मध्ये हेच केलं. पहिला पिक जेकब वाइटरिंग हा बचावपटू. मग दहाव्यावर हॅरी मकाय, बाराव्यावर चार्ली कर्नो. मकायला कोलमन पदक २०२१ मध्ये मिळालं, कर्नोला २०२२ आणि २०२३ मध्ये. मधे कर्नोचा गुडघा जवळजवळ दोन वर्षं खाऊन गेला. त्याच ड्राफ्टमधला दुसरा पिक, ब्रिस्बेनने घेतलेला जॉश शाकी, दोन वर्षांत व्हिक्टोरियाला परतला.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, आम्ही काय बघतो. गोल बघत नाही. म्हणजे मोजतो, पण त्यावर झोपत नाही. अठरा वर्षांखालच्या सामन्यात १९९ सेंटिमीटरच्या पोरावर बऱ्याचदा एक वीत बुटका बचावपटू असतो. नुसते हात वर केले तरी चेंडू मिळतो. एएफएलमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, त्याच्यासमोर हॅरिस अँड्र्यूजसारखा तेवढाच उंच, दहा वर्षं व्यायामशाळेत घालवलेला माणूस उभा राहतो. तेव्हा हात वर करून भागत नाही.

मी बघतो तो चेंडू दुसऱ्या टोकाला असतानाचा खेळ. एक पोरगा डोळ्यासमोर आहे, नाव घेत नाही. बॅलरॅटच्या बाजूचं मैदान, आडवा वारा, थंडी. आपल्या मिडफिल्डरने चेंडू उचलल्याबरोबर तो गोलच्या तोंडातून बाहेर पळाला, पंचवीस मीटर, तिरका, तोंड चेंडूकडे. याला आम्ही लीड म्हणतो. किक आली नाही, चेंडू दुसरीकडे गेला. बहुतेक पोरं इथे कमरेवर हात ठेवतात, मिडफिल्डरकडे बघून हात पसरतात. हा वळला, अर्धगोल काढून परत गोलकडे गेला, जाताना बचावपटूला स्वतःच्या पाठीवर घेतलं आणि पुन्हा बाहेर पळाला. पुन्हा नाही आली. तिसऱ्यांदा गेला तेव्हा समोरच्या पोराचा श्वास फुलला होता आणि यांच्यात चार पावलांचं अंतर पडलं होतं. किक तेव्हाही वाऱ्याने वाहून गेली! स्कोअरकार्डवर त्या पोराच्या नावापुढे शून्य. माझ्या वहीत मात्र त्या दिवशी सगळ्यात जास्त त्याच्याविषयीच लिहिलेलं आहे. निक रीवोल्ट, २००० चा पहिला पिक, वर्षानुवर्षं बचावपटूंना असंच पळवून दमवायचा. म्हणून ड्राफ्ट कंबाइनच्या चाचण्यांत सगळे उडीच्या आणि वीस मीटर धावण्याच्या आकड्यांकडे धावतात, तर मी उंच पोरांचा दोन किलोमीटरचा वेळ आधी बघतो.

दुसरं, हात. चेंडू डोक्याच्या पुढे, हात पूर्ण ताणून, बोटांत घेतो की छातीवर येऊ देतो? छातीवर घेणाऱ्याला बचावपटूची मूठ मागून सहज गाठते. हे शिकवता येतं म्हणतात. माझा अनुभव असा की सतरा-अठराव्या वर्षापर्यंत ज्याला हात पुढे न्यायची भीती वाटते, त्याची ती दाटीत उठून दिसतेच.

तिसरं, चेंडू खाली पडल्यावर. हवेतला झगडा बहुतेक वेळा अनिर्णित सुटतो, चेंडू गवतावर येतो. तेव्हा १९९ सेंटिमीटरचं धूड किती पटकन वाकतं, किंवा निदान चेंडू घेऊन पळणाऱ्या बचावपटूच्या मागे लागून त्याला पाडतं का? प्रशिक्षक आज संघात ठेवतात ते यावर. मार्क न घेणारा आणि पाठलागही न करणारा उंच फॉरवर्ड म्हणजे एक खेळाडू कमी घेऊन खेळणं.

चौथं, उभ्याने मारायची किक. मार्कनंतर तीस सेकंद असतात. तीस सेकंदांत पोरगा काय करतो ते मी दुर्बिणीतून बघतो. धावायची सुरुवात दर वेळी त्याच अंतरावरून होते का, पावलं तेवढीच पडतात का, आणि चेंडू हातातून पायावर सोडताना सरळ खाली येतो की डगमगतो? पळण्याची ढब कशीही असो. बेन ब्राउनची धाव इतकी लांबलचक होती की लोक हसायचे, पण दर वेळी तीच असायची, आणि चेंडू खांबांमधून जायचा. तो २०१३ चा ४७ वा पिक होता, टास्मानियाचा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून आधीच्या ड्राफ्टमध्ये कोणी हात लावला नाही.

खालच्या पिकचं म्हणाल तर टेलर वॉकर ७५ वा, मिच ल्युइस ७६ वा. लोगन मॉरिस २०२३ मध्ये ३१ वा गेला आणि पहिल्याच मोसमात ब्रिस्बेनसोबत विजेता झाला. मॉरिसकडे बघून 'बघा, उंच पोरं लगेच खेळतात' म्हणणारे भेटतात. लगेच खेळतात हो, लॅकी नील किक मारणारा असेल आणि समोरच्या संघाचा पहिला बचावपटू डॅनिहरकडे गुंतलेला असेल तर.

शरीराबद्दल थोडं. उंच पोरं उशिरा वाढतात आणि वाढताना पाठ, हॅमस्ट्रिंग, पायाची हाडं कुरकुरतात. एका वर्षात किती सेंटिमीटर वाढला, हे विचारलंच पाहिजे. जन्मतारीखही बघतो. ड्राफ्टच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत अठरा पूर्ण हवेत, म्हणजे एकाच यादीत जानेवारीचा आणि डिसेंबरचा पोरगा शेजारी असतात. या वयात अकरा महिने म्हणजे खांद्यावरचं बरंच मांस. डिसेंबरचा पोरगा जानेवारीच्या पोराइतकाच दिसत असेल तर मी डिसेंबरच्याकडे झुकतो. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध, तुटलेला असला म्हणून नाव खोडू नका. मॅक्स किंगचा गुडघा ड्राफ्टच्याच वर्षी, २०१८ मध्ये गेला होता, तरी सेंट किल्डाने त्याला चौथ्या पिकवर घेतलं. त्याचा जुळा भाऊ बेन सहाव्या पिकवर गोल्ड कोस्टला गेला, धडधाकट म्हणून, आणि २०२२ च्या मोसमाआधी त्याचाही एसीएल तुटला. गुडघ्यांचं भविष्य कोणी सांगत असेल तर त्याला दूरच ठेवा.

आणखी एक गोष्ट क्लब आता हिशेबात धरतात: पोरगा उंच फॉरवर्ड म्हणून जमला नाही तर दुसरीकडे चालेल का? डार्सी मूर सुरुवातीला फॉरवर्डच होता. बचावात गेला आणि २०२३ मध्ये कॉलिंगवूडचा विजेता कर्णधार झाला. ॲरन नॉटनचं उलट, पहिला मोसम बचावात खेळून मग पुढे आला. ज्याला दोन्ही टोकांना खेळता येतं त्याच्यावर वरचा पिक लावताना माझा हात कमी थरथरतो.

घरची ओढ ही शेवटची बाब, पण तुमचा क्लब मेलबर्नचा असेल तर ती तुमच्या बाजूची आहे. बॉइड, शाकी, लिंच, कॅमरन, सगळे उत्तरेच्या (न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलँडच्या) क्लबांतून निघून व्हिक्टोरियात आले. तुमच्याकडे आलेला व्हिक्टोरियाचा पोरगा सहसा पळणार नाही. पर्थचा असेल तर त्याच्या आई-वडिलांशी कोणी बोललंय का, हे क्लबला विचारा.

आता तुमच्या पिकचं. मला क्लबाबद्दल तीन गोष्टी कळल्या तर मी उत्तर देऊ शकतो. मध्यावर तेवीस-चोवीसच्या आतले दोन-तीन चांगले खेळाडू आहेत का? समोरच्याचा दांडगा बचावपटू अंगावर घेणारा एखादा तिशीतला फॉरवर्ड पुढची दोन वर्षं टिकणार आहे का? आणि प्रशिक्षकाचा करार किती उरलाय? ज्याची खुर्ची डळमळीत आहे तो प्रशिक्षक अठरा वर्षांच्या पोराला पाचव्या सामन्यातच मैदानावर उभा करतो, कारण त्याला या वर्षीचा विजय हवा असतो. तिन्हींची उत्तरं चांगली असतील तर १९९ वाला घ्या, पहिली दोन वर्षं त्याला बरेच सामने राखीव संघाकडून खेळू द्या, आणि त्याचे गोल मोजू नका. वरची नावं काढून बघा: फ्रँकलिनचं मोठं वर्ष चौथ्या मोसमात आलं, मकायचं सहाव्यात. जेसी होगनला तर २०१२ मध्ये मेलबर्नने घेतलं आणि कोलमन पदक मिळालं २०२४ मध्ये, तिसऱ्या क्लबात, एकोणतिसाव्या वर्षी.

उत्तरं वाईट असतील तर पिक खाली विकावा. चौथा-पाचवा पिक देऊन आठ ते वीसमधले दोन घ्या. एकात मिडफिल्डर, दुसऱ्यात उंच पोरगा. जॅक रीवोल्ट, लिंच, मकाय, कर्नो, नॉटन सगळे त्याच पट्ट्यातले. किंवा सरळ मिडफिल्डर घेऊन चार वर्षांनी पैसे आणि पिक घेऊन बाजारात उतरा, जसे बुलडॉग्ज उतरले होते. फक्त एक खबरदारी: यंदा वर क्लबांच्या स्वतःच्या अकादमीतली किंवा पिता-पुत्र नियमातली पोरं किती आहेत ते बघा. त्यांच्यावर बोली लागून त्यांच्या क्लबांनी ती जुळवली की तुमचा चौथा पिक रात्रीत सहावा-सातवा होतो, आणि सौदा करणाराही तोच हिशेब करत बसलेला असतो.

मुलाला घेऊन अठरा वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेचा एखादा सामना बघायला जा. गोलच्या मागे उभे राहू नका, तिथून फक्त गोल दिसतात. विंगवर, म्हणजे मैदानाच्या बाजूला, गोलपासून पन्नास मीटरच्या रेषेच्या जरा पुढे उभे राहा आणि एक पूर्ण पाव (सामन्याचा चौथा भाग) चेंडू सोडून त्या एका पोराकडेच बघा. किती लीड मारल्या आणि त्यातल्या किती दुसऱ्या-तिसऱ्या होत्या ते लिहून ठेवा. कंबाइनचे आकडे आले की ती नोंद मला पाठवा, मग नावानिशी बोलू.